रामजी सुभेदारांची घरची शाळा

एप्रिल उजाडला की आमच्या वस्त्यांत डीजे लागतो. रामजी सुभेदारांना मात्र आम्ही एका ओळीत उरकतो: बाबासाहेबांचे वडील, लष्करात होते. ते मुळात शिक्षक होते, लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते, हे सांगायचे राहूनच जाते.

निवृत्तीनंतर कुटुंब साताऱ्यात आले. भिमराव प्राथमिक वर्गात जाऊ लागला, तो बसायचे तरट घरून घेऊन. शिपायाने वरून ओतले तरच पाणी. अशा शाळेत पोर काय शिकणार? रामजींनी घरीच दुसरी शाळा मांडली. कबीरपंथी माणूस, संध्याकाळी भजन, वाचन, मग इंग्रजी आणि तर्खडकरांच्या पुस्तकांवरून भाषांतर. मुलांना सुटका नव्हती.

पुढे मुंबईत, परळच्या चाळीत एकच खोली. मुलगा लवकर झोपे, बाप जागा राही. रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवी आणि मग स्वतः आडवा होई. पुस्तकांना पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींकडे जाई, त्यांचा दागिना गहाण टाकी, पेन्शन आली की सोडवी.

१९०७ साली भिमराव मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२! आजचा क्लासवाला त्याचा फोटो फलकावर लावणार नाही. पण वाचनाची भूक त्या गुणपत्रिकेत कुठे मोजली होती?

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भिमराव न्यूयॉर्कला पोहोचला.