बर्लिनमध्ये चार गोल्ड जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सला पळायला शिकवलं ते शाळेतल्या पीटीच्या सरांनी

१९३६ चं बर्लिन ऑलिम्पिक म्हटलं की एकच नाव आठवतं, जेसी ओवेन्स. हिटलरच्या राजधानीत गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठपणाचे ढोल वाजत होते आणि तिथंच या काळ्या अमेरिकन पोरानं १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार गोल्ड मेडल मारली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असते. पण ओवेन्सला पळायला कुणी शिकवलं?

त्यासाठी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात जावं लागतं. तिथं फेअरमाउंट नावाची शाळा होती आणि त्या शाळेत पीटी शिकवायला चार्ल्स रायली नावाचे आयरिश वंशाचे गोरे सर होते.

ओवेन्सचं कुटुंब मूळचं अलाबामाचं. आजोबा गुलाम, वडील दुसऱ्याच्या शेतात वाट्यानं राबणारे. जेसी नऊ वर्षांचा असताना घरचे सगळे पोट भरायला क्लीव्हलँडला आले. पोरगं हाडकुळं, त्यात छातीचं दुखणं कायम मागं लागलेलं. रायली सरांनी त्याला हेरलं ते १९२० च्या दशकाच्या शेवटी शेवटी.

आता अडचण अशी की प्रॅक्टिस व्हायची शाळा सुटल्यावर आणि जेसीला तर त्या वेळी चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात कामाला जावं लागायचं. दुसरा कुणी असता तर पोराचं नाव यादीतून काढून मोकळा झाला असता. सरांनी काय केलं, त्याला सकाळी शाळा भरायच्या आधी बोलावलं आणि स्वतःही तेवढ्या लवकर यायला लागले. एकट्या पोरासाठी. घरात खायची ओढाताण आहे हे कळल्यावर त्याच्यासाठी घरून खायलाही आणायचे.

काळ कुठला, तर अलाबामासारख्या राज्यांत काळ्या पोरांची शाळासुद्धा वेगळी असायची तो. अशा काळात एक गोरा मास्तर काळ्या पोराला रविवारी स्वतःच्या घरी जेवायला बोलवायचा.

सर शिकवायचे काय? पाय जमिनीला टेकला न टेकला की उचलायचा, जणू खाली विस्तव आहे. अंग सैल ठेवायचं, दात-ओठ खायचे नाहीत. हे नीट समजावं म्हणून ते जेसीला थेट रेसचे घोडे बघायला घेऊन गेले. घोडा जीव तोडून पळतो पण तोंडावर ताण दिसत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. जेसीनं उलटंच केलं, तो घोड्यासारखा चेहरा करून पळाला आणि हरला. हा किस्सा ओवेन्स स्वतः सांगायचा. आता त्याच्या आठवणींना थोडा मीठमसाला असायचा हेही खरं. पण त्याची पळण्याची फिल्म बघा, शंभर मीटर संपेपर्यंत गडी निवांत दिसतो.

सरांची अजून एक गोष्ट म्हणजे त्यांना घाई नव्हती. पुढच्या आठवड्याची शर्यत गेली तर गेली, तयारी चार वर्षांनंतरची करायची हा त्यांचा हिशोब. तेव्हा जेसी शाळकरी पोरगा होता, तरीही.

मग जेसी ईस्ट टेक्निकल हायस्कूलला गेला. तिथं कोच वेगळे होते. पण रायली सर तिथंही त्याच्यासोबत राहिले. १९३३ साली शिकागोत देशभरातल्या हायस्कूलच्या स्पर्धा झाल्या. जेसीनं १०० यार्ड ९.४ सेकंदात मारले, म्हणजे थेट जागतिक विक्रमाची बरोबरी. लांब उडी मारली २४ फूट साडेनऊ इंच. ईस्ट टेकच्या ५४ पॉइंटपैकी ३० एकट्याचे.

पुढं ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत लॅरी स्नायडर हे कोच भेटले. त्यांनी जेसीचा स्टार्ट आणि उडी अजून घासून काढली, ते श्रेय त्यांचंच. पण २५ मे १९३५ ला अ‍ॅन आर्बरमध्ये त्यानं पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली, तेव्हा त्याचं ते सैल अंगानं पळणं फेअरमाउंटमधलंच होतं. त्या दिवशीची ८.१३ मीटरची उडी २५ वर्षं कुणाला मोडता आली नाही.

बर्लिनला रायली नव्हते. शाळेच्या मास्तराला ऑलिम्पिक टीमसोबत कोण नेणार.

निवृत्तीनंतर सर फ्लोरिडाला गेले आणि भेटीगाठी कमी झाल्या. १९६० साली ‘धिस इज युवर लाइफ’ नावाच्या टीव्ही कार्यक्रमात ओवेन्सला बोलावलं होतं. पाहुण्याला न सांगता त्याच्या आयुष्यातली जुनी माणसं एकेक करून समोर आणायची, असा तो कार्यक्रम. त्यात म्हातारे झालेले रायली सर आले. बऱ्याच वर्षांनी दोघं भेटले होते.

पुढं सर वारले.