शून्याला शून्याने भागणारे भास्कराचार्य : रिअल अ‍ॅनालिसिसच्या उंबरठ्यावरचा खान्देशी वारसा

लोधीपुरा (बऱ्हाणपूर) : बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या पोरांना सगळ्यात अवघड पेपर कोणता असं विचारलं, तर बरेच जण रिअल अ‍ॅनालिसिसचं नाव घेतील. आकडेमोड जमते, सूत्रं पाठ होतात, पण या पेपरात प्रश्नच वेगळा असतो. हे खरं कशावरून? एखाद्या संख्येच्या जवळ जवळ जाणं म्हणजे नेमकं काय? शून्य भागिले शून्य याला काही अर्थ आहे का? पुस्तकात नावं येतात ती कोशी, वायरस्ट्रास, रीमान अशी. त्यामुळे हा सगळा मामला परदेशातला, आपला काही संबंध नाही, असं वाटून जातं.

पण यातल्या मूळ प्रश्नाला जवळपास नऊशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने हात घातला, त्याच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच रेल्वेलाइनच्या आसऱ्याला आहे. लोधीपुऱ्यातून बऱ्हाणपूर स्टेशन गाठून मुंबईकडची गाडी धरली, की रावेर, भुसावळ, जळगाव, पाचोरा आणि मग चाळीसगाव. तिथून डोंगराच्या दिशेला पाटण. तो माणूस म्हणजे भास्कराचार्य.

वडिलांच्या हाताखाली शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. गोत्र शांडिल्य, वडिलांचं नाव महेश्वर. महेश्वर स्वतः ज्योतिषाचे जाणकार होते आणि मुलाचे गुरूही तेच. आपलं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी असून त्याचं नाव विज्जडवीड, असंही त्यांनी नोंदवलं आहे. हे गाव कोणतं, यावर मात्र वाद आहे. कर्नाटकात त्यांना विजापूरचे मानतात, महाराष्ट्रात बरेच अभ्यासक पाटणचा परिसर सांगतात. आजच्या राज्यांच्या सीमा त्या काळी नव्हत्याच. त्यामुळे दोन राज्यांनी एका माणसाला आपलं म्हणावं, यात वाईट काही नाही.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. त्याचे चार भाग. ‘लीलावती’त अंकगणित आणि भूमिती, ‘बीजगणित’ नावाप्रमाणेच, ‘ग्रहगणित’ ग्रहांच्या गतीचं आणि ‘गोलाध्याय’ गोलाचं व आकाशाचं. लीलावतीतल्या भुंग्यांच्या, हंसांच्या, मोर-सापाच्या उदाहरणांमुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं. मात्र गणितवाले त्यांना मानतात ते दुसऱ्या एका सवयीसाठी. नुसता नियम सांगून ते थांबत नसत. आपल्याच ग्रंथावर त्यांनी ‘वासनाभाष्य’ नावाची टीका लिहिली आणि नियमामागची उपपत्ती, म्हणजे तो का खरा आहे याचं कारण, दिलं. अ‍ॅनालिसिसच्या पेपरात तरी दुसरं काय मागतात!

मातीचा गोळा आणि आवळा

त्यांच्या आधी लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. भास्कराचार्यांनी त्यांच्या ग्रंथावर टीका लिहिली होती, म्हणजे आदर होताच. पण गोलाच्या पृष्ठफळाचा लल्लांचा नियम चुकीचा होता. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणा, असं ते सांगत. भास्कराचार्यांनी ही चूक उघडपणे दाखवली. बरोबर नियम असा, की परिघ गुणिले व्यास. म्हणजेच मधल्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट, चेंडूभोवती घट्ट बसवलेल्या जाळीसारखी.

आणि हे पटवायचं कसं? मातीचा किंवा लाकडाचा गोळा घ्या. त्याच्यावर सारख्या अंतराने वर्तुळं काढा, म्हणजे गोळ्याच्या पाठीवर अरुंद पट्टे तयार होतील. प्रत्येक पट्ट्याचं क्षेत्रफळ काढा आणि सगळी बेरीज करा. दुसरी रीत आवळ्याची. आवळ्यावर जशा उभ्या रेघा असतात, तशा गोळ्याच्या ९६ फाका पाडा आणि एका फाकेचं क्षेत्रफळ काढून ९६ ने गुणा. कॉलेजात आज ज्याला इंटिग्रेशन म्हणतात, त्याची ही वाट आहे : वाकडी गोष्ट बारीक तुकड्यांत तोडायची, तुकडा जवळजवळ सरळ मानायचा आणि मग बेरीज घ्यायची.

चंद्राची या क्षणाची गती

दुसरा प्रश्न पंचांगाचा होता. आज सकाळी चंद्र कुठे आणि उद्या सकाळी कुठे, या दोन्हींतला फरक म्हणजे दिवसाची गती. पण चंद्र वेगाने चालतो आणि त्याची चाल क्षणाक्षणाला बदलते. तिथी संपायला थोडाच वेळ उरला असेल, तर दिवसभराची गती घेऊन हिशेब चुकतो. तिथे त्या क्षणाची गती लागते. भास्कराचार्य तिला तात्कालिक गती म्हणतात.

ती काढायला ज्या, म्हणजे आजचा साइन, किती वेगाने बदलतो हे माहीत हवं. त्यांच्या कोष्टकात त्रिज्या ३४३८ कला आणि चतुर्थांश वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा. कोष्टकात सुरुवातीला ज्येची वाढ जवळजवळ २२५ आणि शेवटाकडे येता येता ती शून्यावर येते. मधल्या कोणत्याही जागी किती? त्यांनी साधं त्रैराशिक मांडलं. कोज्या त्रिज्येइतकी असेल तर वाढ २२५, मग कोज्या इतकी असेल तर वाढ किती? याचा आजच्या भाषेतला अर्थ असा, की साइनच्या बदलाचा दर कोसाइन असतो. कॅल्क्युलसच्या पहिल्या काही धड्यांतला हा नियम ११५० सालच्या संस्कृत ग्रंथात आहे. जिथे ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांतला फरक सगळ्यात जास्त असतो, तिथे त्या फरकाचा बदल शून्य होतो, हेही त्यांनी ओळखलं होतं.

शून्य भागिले शून्य

आता मूळ प्रश्नाकडे. एखाद्या संख्येला शून्याने भागलं तर जे येतं, त्याला भास्कराचार्य खहर म्हणतात. त्यात कितीही मिळवा किंवा काढा, फरक पडत नाही. सृष्टी निर्माण झाली काय आणि लयाला गेली काय, विष्णू तसाच राहतो, ही उपमा त्यांनी त्यासाठी वापरली.

लीलावतीत ते आणखी पुढे जातात. संख्येला शून्याने गुणलं आणि पुढे अजून काही क्रिया बाकी असेल, तर लगेच उत्तर शून्य मांडू नका, ते शून्य बाजूला गुणक म्हणून धरून ठेवा. पुढे शून्याने भागायची वेळ आली, तर संख्या जशीच्या तशी राहिली असं समजा. त्यांचं उदाहरण असं : एका संख्येला शून्याने गुणलं, आलेल्यात त्याचंच अर्धं मिळवलं, तीनने गुणलं, शून्याने भागलं आणि ६३ आले. ती संख्या कोणती? शून्य बाजूला ठेवलं, की संख्येची दीडपट गुणिले तीन बरोबर ६३. उत्तर १४. या रीतीचा ग्रहगणितात मोठा उपयोग होतो, असंही ते तिथे सांगतात.

आज एखाद्या मुलाने परीक्षेत असं लिहिलं तर मार्क कापले जातील, आणि ते बरोबरच आहे. कारण शून्य खरोखर शून्य असेल, तर भागाकाराला अर्थच उरत नाही. पण शून्याच्या जागी एक अगदी लहान संख्या घ्या. गुणताना ती आली, भागताना तीच गेली, आणि ती कितीही लहान केली तरी उत्तर १४ च राहिलं. म्हणजे भास्कराचार्यांच्या उदाहरणाचं उत्तर बरोबर आहे. मात्र वर लहान संख्येचा वर्ग आणि खाली नुसती ती संख्या असेल, तर उत्तर शून्याकडे जातं. उलट केलं तर ते वाढतच सुटतं. कोणतं शून्य किती झपाट्याने शून्य होतं, यावर सगळं अवलंबून आहे. हा भेद सांगणारी भाषा भास्कराचार्यांकडे नव्हती.

ती भाषा म्हणजे लिमिट. समोरच्याने कितीही बारीक फरक मागावा, आणि आपण त्याहून जवळ येऊन दाखवावं. युरोपातही सतराव्या शतकात न्यूटन आणि लाइब्निझ यांनी कॅल्क्युलस उभं केलं, तेव्हा हा पाया कच्चाच होता. कोशींनी १८२१ च्या पुस्तकात तो भरायला घेतला आणि पुढे वायरस्ट्रास यांनी एप्सिलॉन-डेल्टाने पक्का केला. जी गोष्ट स्पष्ट मांडायला तिथल्या दिग्गजांना दीडशे वर्षं लागली, ती पहिल्या तासाला डोक्यात शिरली नाही म्हणून कोणी स्वतःला ढ समजायचं कारण नाही.

घाण्यामागे पळीभर तेल

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ साली, भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ रचला. पंचांग करणाऱ्यांना हिशेब सोपा पडावा, असा हा ग्रंथ. त्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं. नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी पाटणला मठ काढला. कशासाठी? आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्याचे इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. तिथल्या निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. शके ११२८ चा हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली तो छापून आला.

लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील येतो तिथे तो जुन्या मराठीत उतरतो. कारण हे बाजारातल्या माणसांना कळायला हवं होतं. पाटणच्या पेठेत माल विकला, की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला. तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला. गणिताचं उच्च शिक्षण चालावं म्हणून तेली, व्यापारी आणि गिऱ्हाईक मिळून हातभार लावत होते, याची ही दगडावर कोरलेली नोंद.

फैजी बऱ्हाणपुरात

मठ राहिला नाही, ग्रंथ मात्र फिरत राहिले. कोकणात नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १५८७ साली अकबराच्या हुकुमावरून कवी फैजीने लीलावती फारसीत नेली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिचा मुहूर्त चुकला, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट फैजीच्याच प्रस्तावनेतून पसरली. संस्कृत ग्रंथात ती नाही. हाच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून खान्देशच्या राजा अली खान फारूकीकडे बऱ्हाणपूरला आला होता. भास्कराचार्यांचा फारसी अनुवादक असा आपल्या तापीकाठी येऊन गेला.

पुढे मूळच्या नगरकडच्या घराण्यातले बापूदेव शास्त्री नागपुरात शिकले, मग विल्किन्सन साहेबांमुळे आजच्या मध्य प्रदेशातल्या सिहोरला आणि तिथून काशीला गेले. तात्कालिक गती म्हणजे डिफरन्शियल कॅल्क्युलसच, असा दावा त्यांनी १८५८ साली मांडला. स्पॉटिसवूड या इंग्रज गणितज्ञाने १८६० साली भास्कराचार्यांच्या बुद्धीला दाद दिली, पण अतिसूक्ष्म राशीची कल्पना तिथे स्पष्ट मांडलेली नाही, असा आक्षेपही घेतला.

दोघांचंही म्हणणं लक्षात ठेवावं असं आहे. कॅल्क्युलस आपणच शोधलं, अशी फुशारकी मारली की भास्कराचार्यांचं खरं काम झाकलं जातं. आणि आपल्याकडे काहीच नव्हतं म्हटलं, तरी तेच होतं. त्यांनी प्रश्न नीट विचारला, उदाहरण बरोबर सोडवलं आणि कारण द्यायची सवय लावून ठेवली. पुढचं काम इतरांनी केलं. बऱ्हाणपूर, रावेर किंवा चाळीसगावच्या कॉलेजात आज जी मुलं रिअल अ‍ॅनालिसिसचं पुस्तक उघडतात, ती हाच प्रश्न पुढे नेत असतात. त्यांच्यासाठी एखादा चांगला मास्तर, एखादं वाचनालय टिकवायला गावाने पळीभर तेल द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न उरतो.