मोबाइलमधलं लोकेशन आणि खान्देशाचे भास्कराचार्य

दीपनगरच्या वीज केंद्राजवळ मॅप उघडून आपल्या जागेवर बोट दाबून धरलं, की साधारण 21.05 आणि 75.84 असे दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. रिक्षा, डिलिव्हरी, हवामान, अ‍ॅप कुठलंही असो, डेव्हलपरला फोनकडून मुळात हेच दोन आकडे हवे असतात. साडेआठशे वर्षांपूर्वी याच आकड्यांवर डोकं चालवणाऱ्या माणसाचं नाव आपल्या जळगाव जिल्ह्याशी जोडलेलं आहे. ते म्हणजे भास्कराचार्य.

त्यांचा जन्म 1114 सालचा. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि तेच त्यांचे गुरू. 1150 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्याचे भाग चार: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे 1183 मध्ये, जवळपास सत्तरीत, त्यांनी करणकुतूहल लिहिलं.

आता लोकेशनचं बघू. तेव्हा सॅटेलाइट नव्हते, पण सूर्य होता. दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, भर दुपारी, 12 अंगुळं उंचीच्या शंकूची सावली मोजायची आणि त्यावरून अक्षांश काढायचा. दीपनगरला ही सावली सुमारे 4.6 अंगुळं येईल.

रेखांश मात्र अवघड. त्यासाठी शून्य कुठे धरायचा, हे आधी ठरावं लागतं. आज तो ग्रीनिचला आहे, तेव्हा उज्जैनच्या रेषेवर होता. गंमत म्हणजे उज्जैनचा रेखांश सुमारे 75.78 आहे. म्हणजे ती जुनी शून्य रेषा आपल्या भुसावळजवळूनच जाते! या रेषेपासून एक अंश सरकलं की स्थानिक वेळ 4 मिनिटांनी बदलते. मुंबईसाठी हा फरक सुमारे 12 मिनिटांचा. ही दुरुस्ती, म्हणजे देशांतर, केली नाही तर ग्रहणाची वेळ चुकणार. आजही दोन सिस्टिमनी वेगळा शून्य धरला, तर तुमचा ठिपका भलत्याच जागी पडतो.

गोलाध्यायात पृथ्वीचा परीघ मोजायची युक्तीही आहे. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावं घ्यायची, त्यांच्यातलं अंतर आणि अक्षांशांतला फरक मोजायचा, मग त्रैराशिक मांडायचं. तुम्हीही करून बघा. भुसावळ ते उज्जैन सरळ अंतर सुमारे 237 किलोमीटर, फरक 2.13 अंश. 237 भागिले 2.13 गुणिले 360, उत्तर जवळपास 40,000 किलोमीटर. अगदी बरोबर!

दोन कोनांच्या बेरजेची ज्या, म्हणजे आपला साइन, काढायचा नियमही त्यांनी दिला. आज दोन लोकेशनमधलं अंतर काढणारा कोड साइन-कोसाइनवरच चालतो.

पण नुसतं लिहून ठेवलं म्हणून ज्ञान टिकत नाही. कोड कितीही भारी असला तरी तो शिकवणारं कोणी नसेल, तर तो मरतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. 1207 मध्ये त्या मठाला दान मिळालं. त्याची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे आणि तिचा काही भाग चक्क जुन्या मराठीत आहे. पाटणादेवीला जाल, तेव्हा हे लक्षात ठेवा.