नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक ऊर्फ रेव्हरंड टिळक (जन्म : करजगाव, रत्‍नागिरी जिल्हा, ६ डिसेंबर १८६१; मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे आधुनिक मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक, संपादक आणि शिक्षक होते. निसर्ग व बालके यांवरील कवितांमुळे ते 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जातात. स्मृतिचित्रे या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक या त्यांच्या पत्‍नी होत.

बालपण व शिक्षण

टिळकांचा जन्म चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे प्राथमिक शिक्षण १८६९ ते १८७३ या काळात कल्याण येथील मराठी शाळेत झाले. कल्याण तेव्हा लहानसे गाव होते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा आणि आंबिवलीवरून पुढे सरकणारा लोहमार्ग मात्र तोपर्यंत सुरू झालेला होता. (आज आंबिवली आणि कल्याण एकाच महानगरपालिकेत मोडतात.) आईवर त्यांची विलक्षण माया होती, तर वडिलांचा स्वभाव करडा होता. आईच्या निधनानंतर त्यांनी घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत साहित्याचे अध्ययन केले. पुढे दोन वर्षे इंग्रजी शाळेत काढल्यावर कुटुंबाच्या चरितार्थासाठी शिक्षण अर्धवट सोडून त्यांना नोकरी धरावी लागली.

शिक्षकी, भिक्षुकी, छापखान्यातील जुळारी असे अनेक व्यवसाय त्यांनी केले, पण एका जागी ते फारसे टिकले नाहीत. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम केले व ऋषी हे अल्पजीवी मासिक चालविले.

धर्मांतर

१८९३ मध्ये नोकरीच्या शोधात राजनांदगावला जात असता आगगाडीतील एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. डोंगरावरील प्रवचन वाचून ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाची मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. काही वर्षे पती-पत्‍नी विभक्त राहिले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला येऊन राहिल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या पत्‍नीला टिळकांनीच लिहावाचायला शिकविले होते.

पाचारण व जबाबदारी

ख्रिस्ती शिकवणीत पाचारण ही संकल्पना महत्त्वाची आहे. परगावी जाणारा धनी आपले धन चाकरांवर सोपवितो. दोघे व्यापार करून ते दुप्पट करतात, तिसरा भीतीपोटी जमिनीत पुरून ठेवतो आणि हिशेबाच्या दिवशी दोषी ठरतो, असा दृष्टान्त मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात आहे. देणगी लहान की मोठी हा तेथे प्रश्न नाही. ती वापरली की नाही, याचा जाब प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

टिळकांजवळची देणगी मराठी कवितेची होती. धर्म बदलल्यावर भाषा, छंद आणि संतपरंपरा टाकून द्यायची, असे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ताच्या चरणांपर्यंत आपण तुकोबांच्या वाटेने आलो, असे ते मानीत. तत्कालीन मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींवर बेतलेली गीते बरीच होती. टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन यांना तेथे स्थान मिळवून दिले. त्यांची अनेक पदे उपासना संगीत या गीतसंग्रहात आहेत व आजही मराठी चर्चमध्ये गायिली जातात. अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९०४ साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादक होते. तरुण बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्या घरी राहिले होते. टिळकांच्या कार्यात या आश्रयाची गणना क्वचितच होते, पण मराठी कवितेच्या दृष्टीने ती व्हायला हवी.

संसाराच्या हिशेबात मात्र टिळक कच्चे होते. हाती आलेला पैसा ते गरजवंताला देऊन टाकीत, रागही चटकन येई. अनाथ मुलांना त्यांनी घरात आसरा दिला आणि त्या मुलांचे रोजचे खाणेपिणे, दुखणीखुपणी लक्ष्मीबाईंनी सांभाळली. स्मृतिचित्रे वाचताना ही बाजू विनोदाच्या आवरणाखालीही लपत नाही. एकाच्या पाचारणाचा भार घरातील दुसऱ्याने किती वाहावा, हा प्रश्न टिळकांच्या चरित्रात शेवटपर्यंत उरतो.

साहित्य

'केवढे हे क्रौर्य', 'वनवासी फूल', 'सुशीला', 'रणशिंग' या त्यांच्या प्रसिद्ध कविता होत. पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. भक्तिपर रचना अभंगांजली या संग्रहात आहेत. येशूचे ओवीबद्ध चरित्र ख्रिस्तायन त्यांनी १९०९ मध्ये लिहावयास घेतले.

अखेरची वर्षे

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वेतन घेऊन केलेल्या उपदेशाला लोक धंदा समजतात, ही खंत त्यांना बरेच दिवस होती. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात प्रवेश होता. चर्चच्या चौकटीत न बसणारा हा प्रयोग अनेक सहकाऱ्यांना रुचला नाही. त्याला आकार येण्यापूर्वीच टिळक आजारी पडले आणि १९१९ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

ख्रिस्तायनाचे सुमारे दहा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला.