डॉ. पिशारोटी : माडांचं दुखणं आकाशातून पाहणारे शास्त्रज्ञ

उपग्रहांचा विषय निघाला की मुलं डॉ. विक्रम साराभाई, डॉ. कलाम ही नावं पटकन सांगतात. पण भूगोलाच्या पुस्तकातलं ‘सुदूर संवेदन’ आपल्या देशात ज्यांनी रुजवलं, त्या डॉ. पी. आर. पिशारोटी यांचं नाव सहसा कोणी घेत नाही. सुदूर संवेदन म्हणजे एखाद्या वस्तूला हात न लावता, दुरूनच तिची माहिती मिळवणं.

पिशारोटींचा जन्म 10 फेब्रुवारी 1909 रोजी केरळमधील कोल्लेंगोड येथे झाला. भौतिकशास्त्र शिकून ते आधी शिक्षक झाले. बरीच वर्षं त्यांनी कॉलेजात शिकवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करायला जायचे. 1942 मध्ये ते हवामान खात्यात आले. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. परत आल्यावर मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे ते संचालक होते. 1962 साली पुण्यात उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था सुरू झाली, तिचे पहिले संचालकही तेच.

1967 मध्ये ते निवृत्त झाले. पण विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत बोलावलं, आणि त्यांचं सगळ्यात मोठं काम इथून पुढे सुरू झालं.

तेव्हा केरळात नारळाच्या बागांना एका रोगानं ग्रासलं होतं. या रोगात झावळ्या मलूल होतात, पिवळ्या पडतात. झाड लगेच मरत नाही, पण नारळ कमी होत जातात. कोकणातल्या पालकांना वेगळं सांगायला नको, माड आजारी पडला की घराचं गणितच बिघडतं. रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. रोगट झाडं शोधून काढणं हाच मार्ग होता. पण लाखो माड एकेक करून कोण तपासणार?

पिशारोटींनी प्रकाशाची मदत घेतली. निरोगी पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतं. हे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण खास फिल्मवर उमटतात. त्या फोटोत निरोगी झाडं लालभडक दिसतात आणि आजारी झाडांचा लाल रंग फिका पडतो. 1970 च्या सुमारास पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे असे फोटो घेतले. त्यात रोगट माड वेगळे ओळखता आले. भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. तेव्हा आपल्या देशाचा एकही उपग्रह अवकाशात नव्हता! आणि पिशारोटींनी साठी ओलांडलेली होती.

पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात त्यांनी या विषयाची धुरा सांभाळली. नवीन माणसं तयार केली. 17 मार्च 1988 रोजी भारताचा स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह आयआरएस-1ए अवकाशात गेला. त्याआधी 1987 मध्ये उपग्रह चित्रांवरून देशाच्या जंगलांचा पहिला अहवाल निघाला होता. आज जंगल किती वाढलं, किती घटलं हे आपल्याला कळतं ते याच पद्धतीमुळे. जंगल घटलंय हे कळलंच नाही तर ते वाचवणार कसं?

1970 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 1989 मध्ये जागतिक हवामान संघटनेचा मानाचा पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये त्यांचं निधन झालं.

वर्गात हा पाठ घेताना उपग्रहाचं असं एखादं चित्र जरूर दाखवा. जंगल हिरवं असताना चित्रात लाल का, हे मुलांनाच शोधू द्या. आणि हेही आवर्जून सांगा की एवढं मोठं विज्ञान आपल्या देशात आलं, ते शेतकऱ्याच्या आजारी माडासाठी. ते आणलं एका माजी शिक्षकानं, निवृत्तीनंतर.