जहाजावरची रेघ : सॅम्युअल प्लिमसोल

एखाद्या बंदरात मालवाहू जहाज उभे असलेले पाहिलेत तर त्याच्या बाजूकडे जरा नीट बघा. जहाजाच्या लांबीच्या साधारण मध्यावर एक वर्तुळ रंगवलेले असते आणि त्याला छेदून एक आडवी रेघ गेलेली असते. वर्तुळ 300 मिलिमीटर रुंद, रेघ 450 मिलिमीटर लांब. माल चढत जातो तसे जहाज पाण्यात खाली खाली बसते. पाणी ठरलेल्या रेघेला टेकले की माल भरणे थांबवायचे, मग धक्क्यावर कितीही पोती शिल्लक असोत. या खुणेला जगभर प्लिमसोलची खूण म्हणतात.

आपल्या वडोदऱ्याला समुद्र नाही, मग या सदरासाठी आम्ही प्लिमसोल का निवडला, असे काही पालकांना वाटेल. 18 जानेवारी 2024 रोजी हरणीच्या तळ्यात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. नावेत बसवायला नकोत इतकी माणसे बसवली होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यापूर्वी 1993 साली सूरसागरातही नाव उलटून माणसे बुडाली होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. नावेत किती भार घालायचा हे कोणी ठरवायचे, हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी या माणसाने धसास लावला होता.

सॅम्युअल प्लिमसोलचा जन्म 10 फेब्रुवारी 1824 रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात झाला. वडील सरकारी जकात खात्यात नोकरीला होते. घर मोठे, मिळकत बेताची. शाळा लवकर सुटली आणि शेफील्डच्या एका बिअरच्या कारखान्यात तो कारकून म्हणून लागला. हुशारीने तिथे व्यवस्थापकाच्या जागेपर्यंत चढला. मग लंडनला जाऊन कोळशाचा व्यापार करायचे डोक्यात घेतले आणि त्यात साफ बुडाला. काही काळ त्याला आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत, मजुरांच्या स्वस्त खानावळवजा निवाऱ्यात दिवस काढावे लागले. तिथे त्याने पाहिले की ज्यांच्याजवळ काहीच नाही अशी माणसेही अडल्यानडल्याला एकमेकांना सांभाळून घेतात. पुढे धंदा सावरला आणि पैसा आला, पण या दिवसांचा ठसा पुसला नाही. आमच्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ इथेच आहे. 1868 साली तो डर्बी शहरातून लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटवर निवडून आला.

त्या काळी ब्रिटिश जहाजांवर किती माल भरायचा याला कायद्याची मर्यादा नव्हती. जास्त माल म्हणजे जास्त भाडे. जहाज जुने, फळ्या कुजलेल्या, तरी विमा भरभक्कम उतरवलेला. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा मिळे. मालकाचे दोन्हीकडून साधे आणि खलाशाचा जीव मात्र जाई. अशा जहाजांना लोक शवपेटी जहाजे म्हणू लागले होते. त्याहून वाईट गोष्ट अशी, की एकदा करारावर सही केल्यावर, जहाज धोक्याचे आहे म्हणून खलाशाने जायचे नाकारले तर त्यालाच तुरुंगात टाकत. सही करण्यापूर्वी जहाज पाहायला मिळेलच असेही नसे. जानेवारी 1866 मध्ये ‘लंडन’ नावाची आगबोट मेलबर्नला जाताना बिस्केच्या उपसागरात बुडाली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ती जड मालाने फार खाली बसली होती, अशी चर्चा तेव्हा बरीच झाली.

भाराची रेघ असावी ही कल्पना प्लिमसोलची स्वतःची नव्हे, हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. जेम्स हॉल नावाचा एक जहाजमालकच ती मागणी आधीपासून करत होता. म्हणजे सगळे मालक काही कसाई नव्हते. नेकीने धंदा करणाऱ्या मालकाला उलट तोटाच होई, कारण शेजारचा दुप्पट माल भरून कमी दराने नेई. प्लिमसोलने ही मागणी उचलली आणि गावोगावी नेली. 1873 साली त्याने खलाशांच्या दैन्यावर एक पुस्तक छापले. त्यात विम्याची कागदपत्रे होती, बुडालेल्या जहाजांची माहिती होती आणि विधवांच्या घरी जाऊन पाहिलेली हकिकत होती. पत्नी एलायझाची या कामात त्याला मोठी साथ होती. पुस्तक घाईने लिहिलेले होते, काही तपशील चुकले, आणि मालकांनी अब्रुनुकसानीचे खटले भरले. पण देश जागा झाला आणि त्याच वर्षी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

1875 च्या उन्हाळ्यात जहाजांविषयीचे विधेयक पार्लमेंटपुढे होते. 22 जुलै रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी ते या अधिवेशनापुरते बाजूला ठेवत असल्याचे जाहीर केले. येणाऱ्या हिवाळ्यात आणखी किती खलाशी बुडणार, हे प्लिमसोलला दिसत होते. त्याचा तोल सुटला. भर सभागृहात मूठ आवळून त्याने जहाजमालक सभासदांना दुष्ट म्हटले, शब्द मागे घ्यायला नकार दिला आणि त्याला बाहेर जावे लागले. आठवड्याने त्याने सभागृहाची माफी मागितली, पण आरोप सोडले नाहीत. हे वागणे सभ्य होते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या आठवड्यात देशभर सभा झाल्या आणि सरकारला त्याच अधिवेशनात घाईने एक तात्पुरता कायदा करावा लागला. 1876 साली तो कायम झाला आणि जहाजांवर रेघ रंगवणे सक्तीचे झाले.

इथे गोष्ट संपली असे वाटेल, पण खरी गंमत पुढे आहे. कायद्याने रेघ सक्तीची केली, पण ती कुठे काढायची हे मालकावरच सोडले! मालकाने ती वाटेल तितकी वर काढावी. कार्डिफच्या एका कप्तानाने ती चक्क जहाजाच्या धुरांड्यावर काढली, असे सांगतात. भाडे ज्याच्या खिशात जाते त्यानेच मर्यादा ठरवायची, असा हा कारभार पुढची 14 वर्षे चालला. 1890 च्या कायद्याने रेघेची जागा ठरवण्याचे काम मालकाच्या हातून काढून घेऊन सरकारी नियमाखाली आणले.

जागा ठरवायची कशी, याचे शास्त्र आहे. जहाजाची जी बाजू पाण्याबाहेर राहते तीच त्याची शिल्लक ताकद. लाट आली, जहाज कलले, तरी ती बाजू जहाजाला पुन्हा तरंगते करते. भार वाढला की ही शिल्लक संपते. गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे नदीतून समुद्रात आलेले जहाज थोडे वर उचलले जाते. म्हणून वर्तुळाच्या शेजारी आणखी आखूड रेघा असतात: गोड्या पाण्याची, उष्ण प्रदेशातील समुद्राची, उन्हाळ्याची, हिवाळ्याची. सर्वांत खालची उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यासाठी. म्हणजे समुद्र जितका खवळलेला, तितका भार कमी.

तळ्यातल्या छोट्या नावेवर अशी वर्तुळे नसतात. तिच्यासाठी प्रवाशांचा आकडा ठरवलेला असतो. सहलीला गेल्यावर तो आकडा नावाड्याला विचारणे, नावेत चढणारी डोकी मोजणे आणि नाव सुटण्याआधी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे बंद लावलेले पाहणे, ही कामे शिक्षक आणि सोबत आलेल्या पालकांची आहेत. मुलांनीही विचारावे. आकडा भरला असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

प्लिमसोल 1880 साली पुन्हा निवडून आला, पण आपली जागा त्याने सरकारातील मंत्री हारकोर्ट यांच्यासाठी सोडली. नंतर गुरे वाहून नेणाऱ्या जहाजांतील हाल त्याने जगापुढे मांडले. रबरी तळाच्या कॅनव्हासच्या बुटांना इंग्लंडमध्ये अजून प्लिमसोल म्हणतात. तळ आणि कापड यांच्या सांध्यावरची पट्टी लोकांना त्या रेघेसारखी दिसली, आणि पाणी पट्टीच्या वर गेले की पाय भिजलाच!

3 जून 1898 रोजी फोकस्टन येथे तो वारला. 1929 साली खलाशांच्या संघटनेने लंडनला थेम्सच्या काठी त्याचा अर्धपुतळा उभारला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच शहरात अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि परदेशी जाणाऱ्या जहाजांवर भाराची रेघ कुठे असावी याचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.