गाठीच्या आतलं घर

दसऱ्याला हैदराबादेत जम्मी चेट्टूची पूजा होते. जम्मी म्हणजे आपली शमी. तेलंगणाचा राज्यवृक्ष हाच, आणि राजस्थानच्या वाळवंटातली खेजडीही हीच. मागच्या दसऱ्याला मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर मीही गेले होते. डहाळीवर टणक गाठी दिसल्या. मला वाटलं फळं असतील. मैत्रीण झूऑलॉजीची! तिने ब्लेडने एक गाठ कापली. आत इवलीशी पोकळी, आणि तीत एक अळी.

आता ही अळी आत गेली कुठून? भोक तर कुठेच नव्हतं.

हाच प्रश्न ओकच्या झाडाखाली मार्चेल्लो माल्पिघीला पडला होता. झुरळ शिकलेल्यांना माल्पिघियन नलिका आठवत असतील, तोच हा. जन्म १६२८चा, इटलीतल्या बोलोन्याजवळच्या क्रेवालकोरेचा. विशीत होता तेव्हा आईवडील दोघेही गेले. थोरला असल्यामुळे शिक्षण बाजूला ठेवून घरदार, धाकटी भावंडं बघावी लागली. १६५३ मध्ये तो डॉक्टर झाला, आणि १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात त्याला केशवाहिन्या दिसल्या. रक्त शरीरात फिरतं हे हार्वेने त्याच्या जन्मवर्षीच छापलं होतं; पण ते धमनीतून शिरेत जातं कसं, हे माल्पिघीने दाखवलं. मग रेशीमकिड्यावर अख्खं पुस्तक. पण मला तो आवडतो तो गाठींमुळे.

त्या काळचा मोठा माणूस म्हणजे फ्रान्चेस्को रेदी. मांसावर कापड बांधून, किडे आपोआप होत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून होतात, हे त्यानेच सिद्ध केलं. पण झाडावरच्या गाठींपाशी तोही अडला. ज्या जीवशक्तीने झाड फळ धरतं, तिनेच ते आतली अळीही जन्माला घालतं, असं त्याचं म्हणणं. (माझ्या ‘फळां’पेक्षा फार वेगळं नाही हे.) माल्पिघीने वाद घातला नाही, गाठी जमवल्या. ओकच्या, विलोच्या, कितीतरी झाडांच्या. कापल्या, भिंगाखाली पाहिल्या, चित्रं काढली. एकदा ओकच्या कळीवर बसून अंडी घालणारा कीटक त्याला सापडला. कळीतलं अंडं आणि कीटकाच्या पोटात उरलेली अंडी त्याने ताडून पाहिली. सारखीच होती. १६७९ मध्ये, वनस्पतींच्या अंतर्रचनेवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने हे सगळं मांडलं: अंडं कीटकाचं, त्याच्याबरोबर सोडलेल्या द्रवाने झाड सुजतं, आणि पाहुण्याचं घर यजमानच बांधून देतो.

गंमत म्हणजे तेव्हा युरोपात लिहायची शाई ओकच्या अशाच गाठींपासून व्हायची. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळही तीच गाठ. फळ नव्हेच ते!

घरच्यांनी मात्र त्याला सुखाने जगू दिलं नाही. घरचे म्हणजे विद्यापीठातले. भिंगातून किडे बघून रोगी बरे होतात का, हा त्यांचा आक्षेप. १६८४ मध्ये घराला आग लागली, सूक्ष्मदर्शक आणि कागद जळाले. १६८९ मध्ये तर सहकारीच मुखवटे घालून त्याच्या गावाकडच्या घरात शिरले आणि धिंगाणा घातला. प्रोफेसर लोक, हं! दोन वर्षांनी पोप बारावे इनोसंट यांनी त्याला आपला वैद्य म्हणून रोमला बोलावलं. मनात नसताना, तब्येत ढासळलेली असताना तो गेला. १६९४ मध्ये बायको, फ्रान्चेस्का, वारली आणि त्याच नोव्हेंबरात तोही. पुरला मात्र बोलोन्यातच.

शमीच्या उरलेल्या चार गाठी आम्ही बरणीत घालून वर रुमाल बांधलाय, रेदीसारखा. मैत्रीण म्हणते, डासाहूनही लहान माशी निघेल. मी रोज सकाळी बघते. अजून काही नाही.